समुद्रावरचं ऊन आणि लेकरांचे कपडे

श्रोते हो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी लागली की बडोद्याहून गाड्या निघतात त्या समुद्रावर, तिथलला, दमणला, दीवला. कुणी थेट कोकणात, आजोळी. बाळाचं दूध, डायपर, खाऊ, वाळूत खेळायची बादली, सगळं आठवणीनं भरलं जातं. उन्हासाठी सनस्क्रीनची एक ट्यूब पिशवीत टाकली की झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. इथेच क्रम उलटा होतो. लहान मुलांच्या बाबतीत ऊन अडवण्याचं मुख्य काम कापडाचं आहे. कापड जिथे पोचत नाही, तेवढ्याच जागेपुरती क्रीम.

मग कापड कोणतं? घरात बाळाला आजीच्या जुन्या सुती साडीचं झबलं घालावं, यासारखं सुख नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं, हवा खेळती राहणारं. पण तेच झबलं समुद्रावर फारसं कामाचं नाही. विरळ विणीतून जशी हवा जाते, तसे अतिनील किरणही जातात, आणि बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असल्यानं ती लवकर भाजते. मलमल, वॉईल, विरळ विणीची खादी या सगळ्यांची तीच गत.

उन्हासाठी खास बनवलेल्या कपड्यांच्या लेबलवर यूपीएफ असा आकडा असतो. यूपीएफ ५० म्हणजे पन्नास भागांपैकी एकच भाग आरपार जातो. साध्या पातळ पांढऱ्या टी-शर्टचा हा आकडा ५ ते ७ च्या आसपास असतो, आणि टी-शर्ट भिजला की तो ३ पर्यंतही उतरू शकतो. कोरड्या सुताच्या धाग्यांमध्ये हवा असते आणि तिथे प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. पाणी शिरलं की हे विखुरणं कमी होतं आणि प्रकाश सरळ आत उतरतो. भिजलेला पांढरा सदरा अंगाला चिकटला की आतलं अंग दिसतं, ते याचमुळे. तेव्हा ‘टी-शर्ट घालूनच पाण्यात सोडलाय त्याला’ या भरवशावर कुणी राहू नये.

लेबल नसेल तर घरच्या घरी पाहता येतं. खिडकीकडे तोंड करून उभं राहा, कापडाचा एकच थर उजेडासमोर धरा आणि त्यामागे आपला पंजा न्या. बोटं वेगवेगळी मोजता आली तर ते कापड समुद्रासाठी बाद. बोटं दिसली नाहीत, तर आता त्याच कापडाचा एक कोपरा भिजवा, पिळा, थोडा ताणा आणि पुन्हा तसंच पाहा. बरेचसे कपडे या दुसऱ्या फेरीत नापास होतात. ही परीक्षा ढोबळ आहे, पण दुकानात उभ्या उभ्या करता येते. बडोद्याच्या मंगळ बाजारात समुद्रावरचे कपडे म्हणून जाळीदार फ्रॉक आणि बिनबाह्यांचे सूट दाखवले, तर त्यांची परीक्षा घ्यायचीही गरज नाही.

वाळूवर बसण्या-खेळण्यासाठी घट्ट विणीचं सुती कापड चांगलं: पॉपलिन, किंवा आपला मांजरपाट. त्यातही बिनधुवट, म्हणजे ब्लीच न केलेला मांजरपाट अधिक बरा, कारण कापसातले जे मूळचे घटक त्याला पिवळसर रंग देतात, तेच अतिनील किरण शोषून घेतात. कपडे सैल बेता. बाह्या मनगटापर्यंत, विजार घोट्यापर्यंत आणि मानेला उभी पट्टी.

पाण्यासाठी मात्र पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा, लायक्रा म्हणजे ताणला जाणारा धागा मिसळलेला, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सूट हवा. दुकानात त्याला रॅशगार्ड म्हणतात. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून तो एक माप मोठा घेतला, तर पाणी भरून लोंबतो आणि गळा खाली सरकून खांदे उघडे पडतात. लहान घेतला, तर कापड ताणून वीण उघडते आणि यूपीएफ घसरतो. अंगाला बेताचा बसणारा घ्या. चेन (झिप) पुढून असावी आणि तिच्या वरच्या टोकाला हनुवटीखाली कापडाची पट्टी असावी, नाहीतर ती कोवळ्या मानेला चिमटा काढते. डायपरचं बाळ असेल तर पायांमध्ये बटणं असलेला सूट पाहा. ओला एकसंध सूट रडत्या बाळाच्या अंगातून सोलून काढणं हे दोन माणसांचं काम आहे.

रंगाबद्दल थोडं. गडद रंग फिक्यापेक्षा जास्त अतिनील किरण अडवतात. ते थोडे तापतात, हेही खरं, पण सैल कपड्यात आणि समुद्राच्या वाऱ्यात ते चालून जातं. पाण्यात जायचं असेल तर निळा आणि हिरवा टाळा. त्या रंगाचं पोर पाण्यात चटकन नजरेला येत नाही. लाल किंवा भगभगीत नारिंगी घ्या.

नेहमीचा डायपर समुद्रात नेऊ नका. तो पाणी पिऊन फुगतो आणि जड होऊन खाली घसरतो. पोहण्याचा डायपर वेगळा मिळतो, पण तो फक्त शी अडवतो, शू अडवत नाही. म्हणून तो पाण्यात उतरायच्या अगदी आधी घालायचा आणि बाहेर आल्याबरोबर काढायचा. हॉटेलवरून निघताना घातला, तर गाडीची सीट ओली.

आता टोपी. क्रिकेटवाली टोपी मुलांना आवडते, पण तिच्यात कान आणि मान उघडी राहतात. चारी बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर काठ असलेली टोपी हवी, नाहीतर मागे मानेवर पडदा असलेली. आपल्याकडे बाळाला कुंची घालतात ना, डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी? घाट नेमका तोच आहे, फक्त जरीकाठाच्या खणाऐवजी हलकं, घट्ट विणीचं कापड आणि कपाळावर पुढे आलेला काठ. जो शिंपी कुंची शिवतो, तो हीसुद्धा शिवून देईल. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून मोजा. साधारण एका वर्षाला ४६ सेंटिमीटर आणि तीन वर्षांना ४९ च्या आसपास भरतो. त्यात सेंटिमीटरभर सैल ठेवा. हनुवटीखाली गाठीची नाडी नको. ओढ बसली की आपोआप सुटणारा वेल्क्रोचा तुकडा लावा, म्हणजे गळ्याला फास बसायची भीती नाही. बाळ आडवं असतं तेव्हा मागचा कडक काठ डोक्याला रेटून टोपी डोळ्यांवर आणतो, म्हणून तान्ह्यांच्या टोपीचा काठ मऊच असावा.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला थेट उन्हात न्यायचंच नाही. कपडे पूर्ण, जागा सावलीची, आणि सनस्क्रीन शक्यतो नाही. अगदी इलाज नसेल तेव्हाच चेहरा आणि हातांची मागची बाजू, एवढ्यालाच बोटाच्या टोकाएवढी. बाबागाडीवर दुपटं टाकून ती झाकू नका. आत हवा कोंडते आणि थोड्याच वेळात बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. या वयात वरचं पाणीही द्यायचं नाही, दूधच जास्त वेळा पाजायचं. ‘थोडं ऊन लागू दे, हाडं मजबूत होतात’ असं सांगणारं एक तरी माणूस प्रत्येक सहलीत असतं. ड जीवनसत्त्वासाठी आपल्याकडे वर्षाच्या आतल्या बाळांना रोज ४०० युनिटचे थेंब देतात. त्यासाठी दीवची दुपार लागत नाही. मालिशचं तेलही ऊन अडवतं असं समजू नका. निघायच्या आधी काजळही नको, घाम आला की ते डोळ्यांत उतरतं.

सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना एसपीएफ, म्हणजे क्रीमची ऊन अडवण्याची ताकद सांगणारा आकडा, ३० किंवा जास्त असलेलं, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन लावा. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर, टॉवेलनं पुसल्यावर पुन्हा. बाकी अंग कपड्यात असलं तर वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या चेहरा, मान, हात आणि पावलांना मिळून साधारण अर्धा चहाचा चमचा क्रीम लागते. बहुतेक घरांत याच्या निम्मीही लावली जात नाही, आणि पातळ थर दिला की बाटलीवरचा आकडा कागदावरच राहतो. हमखास राहणाऱ्या जागा म्हणजे कानांच्या पाळ्या, पावलांची वरची बाजू आणि बाही वर सरकते ते मनगट.

वेळ कोणती धरायची? ‘दहा ते चार टाळा’ हे ठीक आहे, पण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि दीव तिथून बरंच पश्चिमेला आहे. तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबारा ते एकच्या दरम्यान. त्यापेक्षा मुलाला उभं करून त्याची सावली पाहा. सावली मुलापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, सरळ आडोशाला चला. दीवला मे महिन्यात ही वेळ साधारण साडेनऊपासून चारपर्यंत असते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावणेअकरा ते सव्वादोन. सावली लांबली म्हणून बाह्या दुमडायच्या नाहीत, कारण ऊन उतरलेलं असतं, संपलेलं नसतं.

‘थंडीच्या दिवसांत काय होतंय?’ असं वाटतं, कारण वारा अंगाला गार लागतो. वारा त्वचेची जळजळ जाणवू देत नाही, एवढंच. अतिनील किरणांना वाऱ्याशी देणंघेणं नाही. पातळ ढगांतूनही त्यातले बरेचसे खाली येतात. छत्रीखालीही पूर्ण सुटका नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. शिवाय आकाशातून विखुरलेला प्रकाश बाजूनं येतच असतो. म्हणून छत्रीखाली बसलेल्या बाळाच्याही बाह्या खालीच हव्यात.

आपल्या बाजूच्या किनाऱ्यांचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. खंभातच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेला भरती-ओहोटीचा फरक फार मोठा आहे. सुरतजवळच्या डुमसला, वलसाडजवळच्या तिथलला ओहोटीच्या वेळी पाणी लांबवर मागे जातं. झाडाखालून निघून पाण्यापर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे वाटेत सावलीचं नाव नाही. बादलीभर पाण्यासाठी तीनदा फेऱ्या झाल्या की झाला अर्धा तास. भरतीच्या वेळा आधी पाहून ठेवा, आणि भरती सकाळी किंवा संध्याकाळी असेल तो दिवस निवडा. शिवाय तिथली वाळू काळपट आहे आणि काळी वाळू जास्त तापते. आपल्या तळहाताची मागची बाजू पाच सेकंद वाळूवर ठेवता आली नाही, तर मुलाच्या पायात काहीतरी घाला. मागे पट्टा असलेल्या चपला किंवा रबरी तळाचे पाण्यातले बूट. नुसत्या स्लीपर वाळूत निघून जातात.

इतके कपडे घातल्यावर उकडत नाही का? उकडू शकतं, म्हणून मधूनमधून बाळाच्या मानेमागे आणि छातीला हात लावून पाहा. हातपाय फसवतात. मानेला घाम असेल तर सावलीत नेऊन एक थर कमी करा. कोरडा जोड जवळ ठेवा आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच बदला. मूल मलूल पडलं, अंग तापलं, सहा तासांत शू झाली नाही, टाळू खोल गेली, तर कसलीही वाट न पाहता दवाखाना गाठा.

त्वचा भाजल्याचं किनाऱ्यावर दिसत नाही. लाली तीन-चार तासांनी उमटते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाढते, म्हणून रात्री कपडे बदलताना खांदे आणि कान बघून घ्या. लाल झालेल्या जागी साध्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. फोड आले तर फोडू नका. वर्षाच्या आतल्या बाळाची त्वचा भाजली असेल, किंवा कोणत्याही मुलाला फोडांबरोबर ताप आला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

परत आल्यावर सूट त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला. खारं पाणी आणि ऊन लायक्राला ढिला करतात. पुढच्या सहलीआधी तो पुन्हा खिडकीसमोर ताणून पाहा. गुडघ्यावर किंवा बुडाशी उजेड दिसू लागला असेल, तर घरच्या टबात खेळायला ठेवा आणि समुद्रासाठी दुसरा घ्या.

नमस्कार.