कॅमेरा यायचाय

(लॉ कॉलेज रोड, सकाळ)

हे पुण्यातलं फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक. कोल्हापूरची 'प्रभात' १९३३ मध्ये इथं आली, तिचा स्टुडिओ आत अजून उभा आहे. आणि हे आंब्याचं झाड, विझडम ट्री. वर्गापेक्षा आपण याच्याखालीच जास्त शिकलो, असं माजी विद्यार्थी सांगतात. थोडं चढवूनच.

(एडिटिंग रूम, डबे, केबल)

इथून बाहेर पडायचं तर डिप्लोमा फिल्म पुरी करावी लागते. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी अशा विभागांतून एकेक जण घेऊन युनिट बनतं. स्टुडिओची तारीख मिळते तेव्हा कॅमेरा दुसऱ्या युनिटकडे. कॅमेरा सुटतो तेव्हा नट नाटकाच्या दौऱ्यावर. शूटिंग उरकलं की एडिटची पाळी, मग मिक्सिंगची. पुढचं युनिट अडकलं की मागची सगळी खोळंबतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पण २००८ च्या तुकडीतले काही जण २०१५ मध्येही इथंच होते. बाहेरच्यांनी त्यांना फुकटे म्हटलं. बाहेरच्यांना ही रांग दिसत नाही.

(भिंतींवरची चित्रं, घोषणा)

१२ जून २०१५. संस्थेच्या नव्या अध्यक्षांच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला. ऑगस्टमध्ये प्रशासनानं ठरवलं, २००८ च्या अपुऱ्या फिल्म आहेत तशा तपासायच्या. जिच्यात आवाज अजून घालायचाय, तिला गुण कसले देणार? १७ तारखेला विद्यार्थ्यांनी संचालकांना घेराव घातला. पुढच्या मध्यरात्री पोलीस आले, पाच जणांना अटक झाली. त्या रात्रीचं चित्रण आमच्याकडे नाही, म्हणून हे बंद दार.

संप १३९ दिवस चालला. नेमणूक टिकली. आरोपपत्र ३५ जणांवर.

(खिडकी, कुंडी)

त्यांतली एक पायल कपाडिया. तिची शिष्यवृत्ती बंद झाली. तिनं फिल्म केली, १३ मिनिटांची: साठीची विधवा काकी, म्हणजे उषा नाईक, घरकामाला असलेली नेपाळी मालती आणि बाल्कनीत उमललेलं, दोन दिवसांत कोमेजणारं फूल. २०१७ मध्ये ही फिल्म फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात निवडली गेली. प्रवासखर्च द्यायला संस्थाच पुढे आली. २०२४ मध्ये पायलला दुसऱ्या फिल्मसाठी कानमध्येच ग्रां प्री, तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. खटला तेव्हाही चालू होता.

(स्टुडिओचं दार, आज)

हा ट्रायपॉड सकाळपासून इथं उभा आहे. कॅमेरा यायचाय.