आधी काय बाहेर आलं?

(दृश्य: वर्गाची खिडकी. काचेची बरणी. काच आणि ओला टीपकागद यांच्या फटीत घेवड्याचे चार दाणे.)

ही बरणी सातवीच्या वर्गातली. बी रुजवण्याचा प्रयोग जुनाच. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा तो वहीत उतरतो. वही जमा होते, खाली सही आणि 'छान' असा शेरा पडतो, वही दप्तरात परत जाते. ते पान पुन्हा कुणी उघडत नाही, लिहिणारीसुद्धा.

या वेळी एका मुलीने तेच निरीक्षण वर्गाच्या ब्लॉगवर लिहिलं. 'बी रुजलं. कोंब आला.' एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याखाली पलीकडच्या तुकडीतल्या एका मुलाचा प्रश्न आला: 'आधी काय बाहेर आलं? कोंब की मूळ?'

तिला सांगता येईना. बरणी रोज डोळ्यांसमोर होती, तरी सांगता येईना. मधल्या सुट्टीत तिने नवे दाणे भिजत घातले.

(दृश्य: कागदावर जुळवलेले छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं.)

'वेबलॉग' हा शब्द १९९७ सालचा, त्याचं 'ब्लॉग' झालं १९९९ मध्ये. लॉग म्हणजे नोंदवही. ताजी नोंद वर, जुन्या खाली, आणि प्रत्येक नोंदीखाली वाचणाऱ्याला बोलायला जागा. शाळेच्या दृष्टीने खरी मौल्यवान आहे ती ही शेवटची जागा.

तिचं मोल संगणकाच्या कितीतरी आधी एका शिक्षकाने ओळखलं होतं. सेलेस्तँ फ्रेने, दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या खेड्यातले. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे वर्गात फार वेळ बोलायला दम पुरत नसे. १९२०च्या दशकात त्यांनी वर्गात एक लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं बाहेर हिंडून येत, पाहिलेलं लिहीत, सगळा वर्ग मिळून मजकूर नीट करी आणि मग मुलंच खिळे जुळवून तो छापत. एकेक अक्षर हाताने उचलून लावायचं म्हटलं की उगाचचे शब्द आपोआप गळतात! छापलेले कागद टपालाने दूर, फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेत जात, तिथल्या मुलांचे कागद इकडे येत. आपलं लिहिणं कोणीतरी पाकीट फोडून वाचणार आहे, हे त्या मुलांना ठाऊक होतं.

(दृश्य: शिक्षकांची खोली. टेबलावर वह्यांचे गठ्ठे.)

शाळेत ब्लॉगचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो: 'एवढ्या वह्या तपासायच्या असतात, त्यात हे आणखी कधी करायचं?' हा प्रश्न रास्त आहे, तो हसून टाळू नये. ब्लॉग हे जादा काम म्हणून आला तर महिन्याभरात बंद पडतो. ठरलेल्या निबंधांपैकी एखादा, प्रयोगाच्या नोंदींपैकी एखादी त्याच्यावर गेली पाहिजे, म्हणजे तेवढं वहीतलं काम कमी झालं पाहिजे. आणि शाळेत एकच संगणक असला तरी अडत नाही. मजकूर कागदावर तयार होतो, टाइप करायला पाळ्या लावता येतात.

पहिला आठवडा तर संगणक लागतच नाही.

(दृश्य: बाकांवर पसरलेले कागद. मुलं एका बाकावरून दुसऱ्या बाकावर.)

प्रत्येकाने एका कागदावर काहीतरी लिहून तो बाकावर ठेवलाय. बाकीचे फिरतायत, वाचतायत, चिठ्ठीवर प्रतिक्रिया लिहून खाली चिकटवतायत. पहिल्या फेरीत जवळपास सगळ्याच चिठ्ठ्यांवर एकच शब्द: 'छान', 'मस्त', 'छान'. बाई त्या चिठ्ठ्या गोळा करत विचारतात, 'हे वाचून लिहिणाऱ्याला नवीन काय कळलं?' वर्ग गप्प. दुसऱ्या फेरीचा नियम: मजकुरातली एक गोष्ट नाव घेऊन सांगायची आणि एक खराखुरा प्रश्न विचारायचा. आता चिठ्ठ्या लांबतात. मागच्या बाकावरचा मुलगा आपल्या कागदाखाली सहा प्रश्न पाहतो आणि न सांगता पेन्सिल उचलतो. मला विचाराल तर ब्लॉग इथेच सुरू झाला.

सुरक्षिततेचं मात्र आधी ठरवून घ्यायचं. पालकांची लेखी संमती. पूर्ण नाव, पत्ता, चेहऱ्याचा फोटो काहीही नाही, टोपणनाव पुरतं. मोबाइलने काढलेल्या फोटोत बऱ्याचदा ठिकाणाची नोंद लपलेली असते, ती पुसून मगच फोटो चढवायचा. लेख असो वा प्रतिक्रिया, शिक्षकांच्या मंजुरीशिवाय काही दिसणार नाही. इंटरनेटवर सापडलेलं चित्र आपलं नसतं, हेही मुलांना इथेच कळतं. मग ती स्वतः चित्र काढतात, आणि ते जास्त बोलतं.

'चुका तशाच लोकांपुढे जाणार का?' असंही शिक्षक विचारतात. जाऊ नयेत. पण त्या लाल पेनाने दुरुस्त करून हातात देऊ नयेत. 'तिसरी ओळ मोठ्याने वाच,' एवढं म्हटलं तरी मूल अडखळतं आणि स्वतःच थांबतं.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. मुलाने शाळेबद्दलच नावडतं काही लिहिलं तर? २०१२ मध्ये स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची एक मुलगी शाळेतल्या जेवणाचे फोटो काढून आपल्या ब्लॉगवर त्याबद्दल लिहीत होती. स्थानिक परिषदेने तिला फोटो काढायला मनाई केली. इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी मनाई मागे घ्यावी लागली. तिच्या वाचकांनी दिलेल्या पैशांतून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका शाळेत स्वयंपाकघर उभं राहिलं. मुलांना लिहा म्हणायचं असेल, तर त्यांचं ऐकायची तयारी मोठ्यांनी आधी करावी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: पुन्हा बरणी. मुलीचा हात, पट्टी, कच्ची वही.)

नव्या दाण्यांचा आज सहावा दिवस. ती रोज पट्टी लावून मोजतेय. मजकूर दोनदा खोडून झालाय. 'मुळं येतात' हे काढून तिने 'एकच पांढरं मूळ' केलं, कारण बरणीत पहिल्यांदा एकच दिसलं होतं. तिसऱ्यांदा लिहिलेला मजकूर बाईंनी वाचला आणि मंजूर केला:

'मूळ आधी. तिसऱ्या दिवशी साल फुटली आणि एकच पांढरं मूळ खाली वळलं. एक दाणा मी उलटा ठेवला होता, त्याचंही मूळ वळसा घेऊन खालीच गेलं. कोंब अजून वाकलेला आहे. तो सरळ कधी होतो ते तू पाहिलंस का?'