लिंडा रॉनस्टॅट: कंट्री गायिकेच्या गळ्यातील मेक्सिको

नमस्कार. लिंडा रॉनस्टॅट या अमेरिकी गायिकेविषयी बहुतेक वेळा असे सांगितले जाते की, त्या आधी कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातील लोकगीतांतून आलेले संगीत, आणि रॉक गात होत्या आणि १९८७ साली अचानक स्पॅनिश गाण्यांकडे वळल्या. मला ही मांडणी पटत नाही. त्यांच्या कंट्री गाण्यातही मेक्सिको पहिल्यापासून होता, आणि तो वाद्यमेळापेक्षा गळ्यात अधिक होता, हे आज मला दाखवायचे आहे.

लिंडा यांचा जन्म १९४६ सालचा, ॲरिझोनातील टूसॉनचा. हे शहर मेक्सिकोच्या सीमेपासून जवळ आहे. इतकेच नव्हे, तर १८५४ पर्यंत ते मेक्सिकोतच होते. त्यांचे आजोबा फेडेरिको रॉनस्टॅट मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून टूसॉनला आले. घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय करता करता त्यांनी गावात एक वाद्यवृंदही उभा केला. त्यांची कन्या लुइसा एस्पिनेल गायिका झाली आणि वडिलांकडून ऐकलेली गाणी तिने १९४६ साली पुस्तकरूपाने छापली. लिंडा यांचे वडील गिल्बर्ट हेही उत्तम गात. त्यामुळे घरात रांचेरा, म्हणजे मेक्सिकोच्या ग्रामीण भागातील प्रेमाची आणि विरहाची गाणी, आणि रेडिओवर कंट्री गायक हँक विल्यम्स, असे दोन्ही सूर या मुलीच्या कानावर एकाच वेळी पडत होते.

आता गळ्याकडे येऊ. रांचेरा गायिका आवाज राखून गात नाही. ती भरदार, मोकळ्या आवाजात सूर लावते आणि शेवटपर्यंत धरून ठेवते. वापांगो या मेक्सिकन लोकगीतांच्या प्रकारात तर आवाज जाड सुरातून एकदम वरच्या, पातळ सुरात उडी घेतो आणि ती उडी लपवायची नसते, तिथेच खरी रंगत असते. कंट्री गायनातही आवाज असाच मोडतो. हँक विल्यम्स यांच्या गाण्यात तो ठायी ठायी ऐकू येतो. लोला बेल्त्रान या थोर रांचेरा गायिकेचा आपल्यावर मोठा प्रभाव असल्याचे लिंडा यांनी स्वतः सांगितले आहे. १९७४ च्या 'हार्ट लाइक अ व्हील' या अल्बममध्ये त्यांनी हँक विल्यम्स यांचेच 'आय कान्ट हेल्प इट' गायले, त्याला कंट्री गायिकेचे ग्रॅमी मिळाले, आणि माझ्या मते त्या गाण्यातील व्याकुळता जितकी कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलची आहे तितकीच सोनोराची आहे.

पुढच्या खुणा तर उघडच आहेत. १९७६ च्या अल्बममधील 'लो सिएन्तो मी विदा' हे गाणे रचण्यात वडिलांचा सहभाग होता. आपल्या गाजलेल्या 'ब्लू बायू' या गाण्याचे 'लागो आसुल' हे स्पॅनिश रूपही त्यांनी गायले.

१९८७ साली डॉली पार्टन आणि एमीलू हॅरिस या कंट्री गायिकांसोबतचा 'ट्रिओ' हा कंट्री अल्बम आला आणि त्याच वर्षी 'कान्सिओनेस दे मी पाद्रे', म्हणजे 'माझ्या वडिलांची गाणी', हा संपूर्ण स्पॅनिश अल्बमही आला. आत्याच्या पुस्तकाचेच नाव त्याला दिले होते. इथे मात्र लिंडा यांनी कोणतीही सरमिसळ केली नाही, आणि या निर्णयाचे मला फार मोल वाटते. रुबेन फुएन्तेस यांच्यासारखा जाणता मेक्सिकन संगीतकार सोबत घेतला. साथीला मारियाची वार्गास हा मारियाची, म्हणजे मेक्सिकोच्या पारंपरिक वाद्यमेळाचा, नामांकित संच होता. व्हायोलिन, ट्रम्पेट, लय धरणारी गिटारसारखी छोटी विउएला आणि मोठ्या पोटाच्या गितार्रोनचा खर्ज, हा परंपरेचा साज त्यांनी तसाच ठेवला. रॉक ड्रमचा ठेका घालून गाणी अमेरिकी श्रोत्यांना सोपी करून दिली नाहीत. तरीही या अल्बमच्या अमेरिकेत २० लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्याला ग्रॅमी मिळाले आणि २०२२ साली जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला. तिथल्या मेक्सिकन कुटुंबांना घरात, लग्नात गायली जाणारी आपली गाणी एका आघाडीच्या गायिकेच्या तोंडून ऐकायला मिळाली, हे मला या सर्व आकड्यांहून मोठे वाटते.

आजारपणामुळे लिंडा यांचे गाणे पुढे थांबले. २०१३ साली त्यांनी ते जाहीर केले. ध्वनिमुद्रणे मात्र आहेत. 'आय कान्ट हेल्प इट' आणि 'कान्सिओनेस दे मी पाद्रे'मधील 'ला सिगारा' ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐकावीत, अशी माझी विनंती आहे. शब्द कळले नाहीत तरी चालेल. पहिल्या गाण्यात सूर वर चढताना आवाज कुठे हलकासा मोडतो आणि दुसऱ्यात तोच आवाज वरच्या सुरात जाऊन किती वेळ तिथे थांबतो, एवढ्याकडेच लक्ष द्यावे.