दोरी ओढण्याआधी

(दृश्य : दिवेआगर, मे महिन्याची अखेर. सकाळची वेळ. सुपारीच्या वाडीला लागून असलेल्या घराची पडवी.)

पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून असलेले पेट्रोलवरचे करवतयंत्र आज सात महिन्यांनी उजेडात आले आहे. कोणी त्याला चेनसॉ म्हणते, कोणी नुसतेच कटर. विहिरीच्या अंगाला झुकलेला एक वठलेला माड पाऊस लागण्यापूर्वी उतरवायचा, असे वाडीच्या मालकांनी ठरवले आहे आणि त्यासाठी गेली वीस मिनिटे ते यंत्राची दोरी ओढत आहेत. दर ओढीला यंत्र घरघरते आणि पुन्हा गप्प होते. सदरा घामाने पाठीला चिकटला आहे आणि पडवीभर कच्च्या पेट्रोलचा वास पसरला आहे. हा वास लक्षात ठेवावा, कारण यंत्र का चालू होत नाही याचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

या घरात यंत्र आले त्याला एक कारण घडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनारपट्टीवर जमिनीला भिडले आणि रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांमध्ये पोफळी आणि माड एकमेकांवर आडवे झाले. रस्ते झाडांखाली बुजले. ते मोकळे करणाऱ्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांच्या हातांत हीच यंत्रे होती. हाताच्या करवतीने जे काम उरकायला अख्खा दिवस जातो, ते काही मिनिटांत होताना येथील माणसांनी तेव्हा पाहिले आणि त्याच वर्षी या पडवीतही एक यंत्र दाखल झाले. मात्र असे यंत्र वर्षातून चार-सहा दिवसच लागते, आणि उरलेल्या दिवसांत ते नुसते पडून राहते. त्याचा हट्टीपणा तयार होतो तो या पडून राहण्यात.

(दृश्य : गावातील मेकॅनिक पडवीत येऊन उकिडवे बसतो.)

पूर्वी स्कूटर दुरुस्त करणारा मेकॅनिक यंत्राला हात लावण्याआधी मालकांना एकच प्रश्न विचारतो, ‘काका, किती वेळा ओढलीत?’ काकांनी मोजलेले नाही. ‘मग आता राहू द्या. आधी प्लग बघू.’

इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी पडणारी ठिणगी, हवेत नीट मिसळलेले पेट्रोल आणि ते मिश्रण दाबून धरणारा सिलिंडर. यांपैकी नेमके काय अडले आहे हे सांगणारा सर्वांत स्वस्त साक्षीदार म्हणजे ठिणगी पाडणारा प्लग. तो कोरडा निघाला, तर पेट्रोल वरपर्यंत पोहोचतच नाही. तो ओला निघाला, तर पेट्रोल पोहोचते आहे, पण एक तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त आले आहे. काळा आणि तेलकट निघाला, तर मिश्रणात तेल जास्त आहे किंवा हवेची चाळणी तुंबली आहे. आज निघालेला प्लग चिंब ओला आहे. मेकॅनिकच्या भाषेत, पेट्रोल ओव्हर झाले आहे.

हे कसे झाले, ते चोकच्या खटक्यावरून कळते. थंड इंजिनाला सुरुवातीला जरा जास्त पेट्रोल लागते, म्हणून चोक हवेची वाट जवळजवळ बंद करतो. अशा स्थितीत तीन-चार ओढींनंतर यंत्राला एकदाच, अगदी क्षणभर, ठसका लागतो. फट् असा एक आवाज होतो आणि पुन्हा शांतता. पुष्कळांना वाटते की यंत्र चालू होता होता राहिले, म्हणून ते चोक तसाच ठेवून दुप्पट जोराने ओढू लागतात. वास्तविक तो ठसका म्हणजे यंत्राने दिलेली खूण असते : पेट्रोल पोहोचले, आता चोक अर्ध्यावर घ्या. ती खूण निसटली की पुढची प्रत्येक ओढ सिलिंडरमध्ये आणखी पेट्रोल ओतते आणि प्लग बुडवते. आज शेजारच्या वाडीतल्या पंपाचा आवाज चालू होता. ठसका लागला असणार, पण तो कोणाला ऐकू आला नाही.

यावरचा उपाय सोपा आहे, घाई मात्र चालत नाही. मेकॅनिक इंजिनाचा स्विच बंद करतो, चोक पूर्ण उघडतो, प्लगचे भोक जमिनीकडे करतो आणि सात-आठ वेळा दोरी ओढतो. भोकातून पेट्रोलचा बारीक फवारा जमिनीवर पडतो. या वेळी जवळपास कोणी विडी पेटवलेली नसावी, हे वेगळे सांगायला नको, तरी तो पडवीत एकदा नजर फिरवून घेतो. प्लग फडक्याने पुसून कोरडा होतो आणि त्याच्या दोन टोकांमधले अंतर तपासले जाते. बहुतेक यंत्रांत ते सुमारे अर्धा मिलिमीटर असावे लागते.

आता टाकीकडे. तीत गेल्या दिवाळीचे पेट्रोल आहे आणि येथे मेकॅनिक पहिल्यांदाच नाराजी दाखवतो. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याला वंगणाची वेगळी टाकी नसते, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पन्नासास एक हे प्रमाण असेल, तर लिटरमागे २० मिलिलिटर तेल आणि पंचविसास एक असेल, तर ४०. कोणते प्रमाण घ्यायचे ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ज्यांनी बजाज चेतक चालवली आहे, त्यांना पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी तेल मागून घेण्याची आणि सकाळी स्कूटर एका अंगावर कलवून मग किक मारण्याची सवय आठवत असेल. इंजिनाची जात तीच, पेट्रोल मात्र आता तसे राहिलेले नाही.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणातल्या दमट हवेत, अर्धवट रिकाम्या टाकीत, महिनोन्‌महिने ते हेच करत राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात; यंत्राची इंधन शोषणारी नळी तिच्या वजनदार गाळणीसकट नेमकी तळाशीच पडलेली असते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचा मिळतो. त्यातच पेट्रोलचा सहज पेटणारा हलका अंश उडून गेलेला असतो आणि मागे राहते ते चिकट, उग्र वासाचे द्रव. मेकॅनिक काचेच्या बरणीत टाकी रिकामी करतो, बरणी उन्हात धरतो आणि तळाची गढूळ रेघ काकांना बोटाने दाखवतो. मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नये, असे बहुतेक पुस्तिका सांगतात, पण पुस्तिका खोक्यात आणि खोके माळ्यावर, अशीच घरोघरची व्यवस्था असते.

(दृश्य : पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडलेला. बोटाच्या पेरावर काळपट, नाण्याएवढा पातळ पडदा.)

या यंत्राचा सर्वांत नाजूक अवयव हा आहे. १९२७ मध्ये जर्मनीतील एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोलवरचे करवतयंत्र चालवून दाखवले, तेव्हा ते ५८ किलो वजनाचे होते आणि दोघांनी मिळून धरावे लागत असे. त्या काळच्या यंत्रांतील कार्बोरेटरला तरंगता फ्लोट असल्याने इंजिन सरळ उभेच ठेवावे लागे. आजचे पाच-सहा किलोंचे यंत्र आडवे, तिरपे, उलटेही चालते, ते या पडद्यामुळे. इंजिनाच्या पोटातील दाब कमी-जास्त होतो तसा एक पडदा पंपासारखा पेट्रोल खेचतो आणि दुसरा ते मोजून आत सोडतो. पडदा मऊ असेपर्यंत सारे ठीक चालते. जुन्या इंधनात भिजून आणि पुन्हा वाळून तो कडक झाला, की प्लग कोरडा निघू लागतो आणि मग दोरी कितीही ओढली तरी उपयोग नसतो. आजचा पडदा अजून वाकतो आहे. तो स्वच्छ करून परत बसवला जातो.

हवेच्या चाळणीवर मागच्या हंगामाचा भुसा थापलेला आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काजळीने निम्मी बुजली आहे. ही जाळी पुष्कळांना माहीतच नसते; यंत्र चालू होऊन लगेच बंद पडू लागले की दोष कार्बोरेटरवर ढकलला जातो आणि जाळी तशीच राहते.

ताजे मिश्रण भरून झाले आहे. यंत्र सपाट जमिनीवर ठेवले आहे, साखळीचा ब्रेक पुढे ढकललेला आहे, मेकॅनिकच्या उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत आहे आणि डावा हात पुढच्या मुठीवर ताठ आहे. यंत्र एका हातात लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरीला हिसका देण्याची पद्धत रुबाबदार दिसते, पण फिरती साखळी मांडीपासून वीतभर अंतरावर येते, म्हणून पुस्तिका ती पद्धत स्पष्टपणे वर्ज्य ठरवतात.

दोरी आधी हळू ओढायची असते, आत दाब जाणवेपर्यंत. मग एकदम, एका दमात. या यंत्राला बॅटरी नाही. चक्रावर बसवलेले चुंबक कॉइलसमोरून वेगाने गेले तरच ठिणगीपुरती वीज तयार होते. म्हणून रेंगाळत मारलेल्या दहा ओढींपेक्षा एक झटकदार ओढ चांगली. आणि ओढून झाल्यावर दोरी हातातून सोडून द्यायची नसते, ती हातानेच आत जाऊ द्यावी लागते.

पहिली ओढ. दुसरी. तिसऱ्या ओढीला ठसका लागतो आणि या वेळी पंप बंद असल्याने तो पडवीतल्या सर्वांना ऐकू येतो. चोक अर्ध्यावर. पुढच्या ओढीला निळसर धुराचा लोट उठतो आणि यंत्र चालू होते. काका पुढे येतात, पण मेकॅनिक हातानेच थांबायला सांगतो आणि यंत्र मिनिटभर तसेच गरम होऊ देतो.

दुपारी माड उतरतो. मध्ये चहासाठी यंत्र बंद केले, तेव्हा काकांचा हात सवयीने पुन्हा चोककडे गेला होता. गरम इंजिनाला चोक लागत नाही, हे मेकॅनिकला तेवढ्यात सांगावे लागले.

(दृश्य : संध्याकाळ. यंत्र पायरीवर, शेजारी रिकामी बरणी.)

टाकीतील उरलेले मिश्रण डब्यात काढून घेतले आहे. यंत्र पुन्हा चालू करून नुसतेच सोडले आहे; नळीत आणि कार्बोरेटरमध्ये राहिलेले थेंब संपेपर्यंत ते चालेल. काका पायरीवर बसून ऐकत आहेत. आवाज एकदा चढतो, अडखळतो आणि बंद होतो. यंत्र पुसून ते आत नेतात, आणि पुस्तिका शोधायला शिडी घेऊन माळ्यावर चढतात.