सायकल अंगाला बसली पाहिजे

(पहाट. संभाजी तलावाच्या कडेचा रस्ता. मागच्या लाल दिव्यांची ओळ.)

सोलापुरात उन्हाळ्यात सायकल चालवायची म्हंजे पहाटे पाचलाच घर सोडायला लागतं. नऊ वाजले की वरून ऊन आणि खालून डांबर, दोन्हीकडून भाजतं. ही आपली मंडळी, कुणी अक्कलकोट रोडला जाणार, कुणी तुळजापूरला, तिथपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर आणि शेवटी घाट. डिसेंबरात यातल्या चौघांना २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे, म्हंजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, तिला वेळ मिळतो साडेतेरा तास. साडेतेरा तास एकाच सीटवर, एकाच हँडलला धरून.

आता ते पांढऱ्या टीशर्टमधले सर बघा, हातांकडं बघा त्यांच्या. उजवा हात हँडलवरून काढला, झटकला, परत ठेवला. थोडं पुढं गेले की डावा. आम्ही मागून गाडीतून शूट करत होतो, चाळीस किलोमीटरमध्ये २२ वेळा हात झटकले त्यांनी. आणि खांदे बघा, कानाला टेकायचे बाकी आहेत.

सर शाळेत शिकवतात, वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट आठ इंच. ही रोड बाइक त्यांनी सेकंडहँड घेतली, फोटोत भारी दिसत होती, भाव बरा मिळाला, विकणारा म्हणाला सीट खाली केली की झालं. सीट खाली केली, पाय पोचला, घेतली. फ्रेमवर खाली बारीक अक्षरात स्टिकर होता, ५८, म्हंजे फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये. तो त्यांनी वाचला घेतल्यानंतर महिन्यानं.

(गल्ली. शटर वर जातं. भिंतीला टांगलेल्या रिमा.)

हे काकांचं दुकान, नवी पेठेच्या मागं. काकांनी पन्नास वर्षं सायकली उघडल्या आणि जोडल्या, आधी काळ्या, आता कार्बनच्या. सरांची सायकल आत घेतली आणि काकांनी ना गिअर बघितला ना चेन, थेट म्हणाले, "सर, आधी तुम्ही उभं राहा, सायकल राहू दे बाजूला."

हा टेप नीट बघा. टेलरचा टेप आहे. आपलं गाव युनिफॉर्म शिवणारं गाव, गल्लोगल्ली मशिनी चालतात, टेप कुठंही मिळतो, तरी काका हा जुनाच वापरतात. टोकाची पितळी पट्टी ढिली झालीय आणि पहिले एक-दोन आकडे झिजून गेलेत, म्हणून काका दहाच्या आकड्यापासून मोजतात आणि शेवटी दहा वजा करतात. एक मिलिमीटर इकडं तिकडं होत नाही.

चपला काढायच्या. पाठ भिंतीला, टाचा भिंतीला, दोन पावलांत वीतभर अंतर. मग दोन पायांच्या मध्ये एक जाड वही, तिची एक कड भिंतीला सपाट लावायची आणि वर ओढायची, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढी वर. लाजायचं नाही, इथं लाजलं की माप चुकतं, लोकं हमखास वही खालीच सोडतात आणि मग दोन सेंटिमीटरचा घोळ होतो. वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची रेघ, तिथून जमिनीपर्यंत टेप. ९१ आलं, दहा वजा, ८१. याला म्हणतात इनसीम, पायाची आतली लांबी. पँटीचं माप घेताना टेलर घेतो ते नाही बरं का, ते शिलाईचं माप, हे हाडाचं.

काका हे तीनदा घेतात. तिन्ही वेळा ८१.

आता खडू. ८१ गुणिले ०.६७, आलं ५४.२७, म्हंजे सरांची फ्रेम ५४च्या आसपास. ८१ गुणिले ०.८८३, आलं ७१.५ सेंटिमीटर, ही सीटची उंची, पायडलचे दोन्ही दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या वरच्या टोकापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत धरून. हा ०.८८३चा आकडा फ्रान्सचे कोच सिरिल गिमार आणि टूर द फ्रान्स जिंकलेला ग्रेग लेमाँड यांच्यापासून जगभर पसरला. दोन्ही आकडे सुरुवातीचे आहेत, तिथून पुढं शरीर सांगतं.

सर म्हणाले, "पण काका, सीट तर मी ७१लाच लावलीय की."

इथंच सगळी गोम आहे, आणि हा व्हिडिओ आम्ही एवढ्यासाठीच केलाय. सीट वर-खाली होते, त्यामुळं उंची कुठल्याही फ्रेमवर जमवता येते. जमत नाही ती लांबी. सीटपासून हँडलपर्यंतची लांबी मुख्यतः फ्रेमबरोबर येते आणि नंतर थोडीफारच बदलता येते. ५४ आणि ५८च्या वरच्या दांडीत साधारण तीनेक सेंटिमीटरचा फरक पडतो. तीन सेंटिमीटर म्हंजे दोन बोटं, पण ती दोन बोटं सर रोज दोन तास खांद्यातून काढत होते.

(जुनी काळी सायकल, मागं गिरणीची चिमणी.)

ही काकांच्या वडिलांची. गिरणीचा भोंगा झाला की अशा काळ्या सायकलींची रांग लागायची. तेव्हा मापं जास्त करून दोनच, बावीस इंची आणि चोवीस इंची, बुटका असेल तर बावीस घ्या. पोरं तर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली, आमच्यातले निम्मे तसेच शिकलेत. आणि चालून जायचं, कारण या सायकलीचं हँडल बघा, मागं वळून छातीकडं येतं, माणूस ताठ बसतो. मग पाय पोचला की बास. रोड बाइकचं हँडल उलटं, पुढं आणि खाली पळतं. पण दुकानात जाऊन आपण अजून गिरणीच्या काळातलाच प्रश्न विचारतो, पाय पोचतो का? विचारायचं असतं, हात कुठं पोचतो.

(ओळंबा. दोरा हलतो, थांबतो.)

हा गवंड्याचा ओळंबा. सायकल स्टँडवर, सर सीटवर, पायडल आडवं, पुढचा पाय तीनच्या काट्यावर. गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या कडेपासून दोरा सोडला की तो पायडलच्या एक्सलवर पडायला पाहिजे, निदान सुरुवात तिथून करायची. सरांचा दोरा बराच पुढं पडला. का, तर हँडल लांब पडतं म्हणून सरांनी सीट पुढं सरकवली होती, पार रेल संपेपर्यंत. सगळे हेच करतात. सीट पुढं-मागं करायची ती पायासाठी, हातासाठी नाही. हाताचं दुखणं गुडघ्यात नेऊन ठेवायचं, एवढंच होतं त्यानं.

काकांनी सीट मागं घेतली, जागेवर आणली, आणि मग सर हँडलला पोचेनातच. स्टेम, म्हंजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, ११० मिलिमीटरचा होता, ८०चा लावून बघितला. थोडं बरं झालं, खोटं कशाला सांगू. पण सर दांडी दोन पायांत घेऊन उभे राहिले तर मधे बोटभर जागा नाही, आणि काकांचं म्हणणं पडलं की कापड चुकलं असेल तर बटण हलवून शर्ट बसत नाही.

स्टिकरवरच्या आकड्यावर पण सगळा भरवसा ठेवू नका. पूर्वी दांडी जमिनीला समांतर असायची, सीटची नळी मोजली की माप कळायचं. नव्वदच्या दशकात उतरत्या दांडीच्या फ्रेमा आल्या आणि तो आकडा नावापुरता उरला. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५६सारखी लागू शकते. म्हणून कंपनीच्या तक्त्यात दोन ओळी शोधायच्या, स्टॅक आणि रीच. त्याच मधल्या एक्सलपासून, पायडलच्या नाही, फ्रेमची हँडलकडची मान किती वर आहे तो स्टॅक, किती पुढं आहे तो रीच. रेसच्या फ्रेमेत रीच लांब आणि स्टॅक कमी, लांब पल्ल्याच्या फ्रेमेत उलटं. चाळिशीपुढचं, दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडलेलं माणूस असेल तर दुसरी घ्या, भारी दिसण्याच्या नादी लागू नका.

(दुकानात एक मुलगी, हेल्मेट हातात.)

ही इंजिनिअरिंगला आहे, उंची पाच फूट. इनसीम ७१, म्हंजे ४७-४८ची फ्रेम. ती चार दुकानं फिरली, सगळीकडं ५२ पुढं केली, वर म्हणाले सवय होईल. काकांनी तिला कागदावर लिहून दिलं, ४८, हँडल रुंदीला खांद्याएवढंच, आणि एक तपासायचं, लहान फ्रेमेत वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का. "पोरी, मिळेपर्यंत थांब," म्हणाले. ती थांबलीय.

चुकीच्या मापावर वर्षभर चालवलं की मनगटातली नस दाबली जाऊन करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान धरते, सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, वर असेल तर मागून, आणि सायकल गॅलरीत जाते.

(अक्कलकोट रोड, सूर्य नुकताच वर. सर ५४च्या फ्रेमवर.)

दीड महिन्यानंतरचं हे शूट. कोपर बघा, जरा वाकलेलं. हातात हँडल आहे, हातावर भार नाही.

जुनी ५८ काकांच्या दुकानात टांगलेलीच होती. मग एक दिवस हा पोरगा आला, सहा फूट एक इंच, भाव विचारायला लागला. काकांनी भाव सांगितलाच नाही, वही दिली त्याच्या हातात.

टेपवर ९७. दहा वजा, ८७.

"घे खडू," काका म्हणाले, "आणि गुणाकार तूच कर."