गायक, खेळाडू आणि अभिनयाची तालीम

श्रोतेहो, नमस्कार.

एखादा नावाजलेला गायक किंवा क्रिकेटपटू चित्रपटात काम करणार असल्याची बातमी आली, की आपल्याकडे कुतूहल जागे होते आणि त्यापाठोपाठ ‘याला हे कोणी सांगितलं होतं?’ हा प्रश्नही हमखास येतो. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर मी दिग्दर्शनाचे काम करतो. त्यामुळे हा प्रश्न मी तालमीच्या खोलीत, कालिदास कलामंदिरातल्या मध्यंतरात आणि चहाच्या टपरीवरही पुष्कळदा ऐकला आहे. त्या प्रश्नात तथ्य आहे, पण त्याचा रोख चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या क्षेत्रातून येण्यात कोणताही दोष नाही. त्या माणसाला पुरेशा तालमीशिवाय लोकांसमोर उभे केले जाते, दोष त्यात आहे, आणि तो बहुतेक वेळा उभे करणाऱ्याचा असतो.

नाशिककरांनी तरी बाहेरून आलेल्या नटाकडे संशयाने पाहू नये, कारण आपल्या चित्रपटाचा आरंभच अशा माणसांना घेऊन झाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळेना. अखेर मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी तारामती केले, आणि १९१७ सालच्या ‘लंका दहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. फाळके तोवर नाशिकला आले होते, पुढे येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे काम सुरू झाले, आणि १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. चित्रपटासाठी तयार झालेला नट अस्तित्वातच नव्हता, म्हणून जो हाताशी होता त्याला घडवण्यावाचून फाळक्यांना गत्यंतर नव्हते.

आपल्या गावचे आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, तरुणपणी, १९३६ च्या सुमारास, गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत दाखल झाले. ‘सती सुलोचना’ या चित्रपटाची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाही, आणि कवी पुन्हा कवितेकडे वळला. मात्र १९७० साली ‘नटसम्राट’मध्ये मराठी नटांना आजही खुणावणारी आप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका ज्याने लिहिली, त्याने एकदा स्वतः तोंडाला रंग लावला होता, ही गोष्ट मी तरुण मंडळींना आवर्जून सांगतो. शिवाय ती भूमिका प्रथम उभी केली ती डॉ. श्रीराम लागू यांनी, जे मूळचे कान, नाक आणि घशाचे शल्यचिकित्सक होते आणि ज्यांनी आदल्याच वर्षी व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली होती. पण लागूंनी महाविद्यालयीन दिवसांपासून नाटकाचा सराव सोडलेला नव्हता, हे त्यांचे उदाहरण देणारे अनेकजण विसरतात.

आता संगीतकारांकडे वळू. गाणाऱ्याने अभिनय करावा की नाही, हा वाद आपल्या आजोबा-पणजोबांना कळलाच नसता, कारण संगीत नाटकात गाणारा आणि अभिनय करणारा एकच असे. बोलपट आला तेव्हाही हीच रीत चालू राहिली. १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट काढला, आणि त्यातला हरिश्चंद्र कोण होता? गोविंदराव टेंबे, ज्यांच्या पेटीवादनाची ख्याती महाराष्ट्रभर होती, ज्यांनी १९११ साली ‘मानापमान’ला चाली दिल्या होत्या आणि जे पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत बालगंधर्वांबरोबर भागीदार होते. त्यांच्यासमोर दुर्गा खोटे तारामती होत्या. चित्रण चालू असतानाच गाणे ध्वनिमुद्रित होत असे, वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवलेले असत, आणि ज्याला गाता येत नाही त्याला नायक होणे जवळजवळ अशक्य होते.

१९३५ सालच्या ‘धूप छाँव’मध्ये न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाचा वापर केला, आणि हळूहळू गळा एकाचा व चेहरा दुसऱ्याचा ही पद्धत रूढ झाली. त्यातून आपल्याला लता मंगेशकर यांच्यासारखा आवाज पूर्ण ताकदीने लाभला, हा लाभ थोडा नव्हे; त्यांनीही १९४२ सालच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये आणि त्यानंतरच्या काही चित्रपटांत लहान भूमिका केल्या होत्या, पण पडद्यावर वावरणे त्यांच्या मनाला कधी भावले नाही. मात्र त्याच व्यवस्थेमुळे गायकाच्या देहाचा आणि अभिनयाचा संबंध तुटला. आज एखादा गायक कॅमेऱ्यासमोर आला की तो आपल्याला परका वाटतो, त्याचे मूळ या ताटातुटीत आहे, असे मला वाटते.

गाणारा माणूस जेव्हा गाणाऱ्याचीच भूमिका करतो, तेव्हा काय घडू शकते, हे डॉ. वसंतराव देशपांडे यांनी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात दाखवून दिले. लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी केलेल्या या गायकाने खाँसाहेब आफताब हुसेन उभा केला, आणि त्या व्यक्तिरेखेतली असूया, ईर्षा आणि तळमळ तानेतूनच बाहेर येत असल्यामुळे गाणे कोठे संपले आणि अभिनय कोठे सुरू झाला हे प्रेक्षकाला सांगता येत नसे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्याच नाटकावरून चित्रपट केला, तेव्हा पंडित भानुशंकर शास्त्रींच्या भूमिकेसाठी त्यांनी शंकर महादेवन यांना घेतले. महादेवन यांचा चेहरा गाताना ज्या सहजतेने बोलतो ती सहजता शिकवून येत नाही: श्वास कोठे घ्यायचा, स्वर लागण्यापूर्वी मान किती स्थिर ठेवायची, हे सारे त्यांच्या अंगात मुरलेले होते आणि दिग्दर्शकाने ते जसेच्या तसे वापरले. त्याच चित्रपटात खाँसाहेबांना आवाज देणारे राहुल देशपांडे २०२२ सालच्या ‘मी वसंतराव’मध्ये आपल्या आजोबांच्याच भूमिकेत आले, आणि तेथे तर नोकरी करणारा, अपमान गिळणारा, घरी परतणारा वसंतराव त्यांना गाण्याच्या आधाराशिवाय उभा करायचा होता. त्या चित्रपटातील गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला त्यातले त्यांचे मौन अधिक मोलाचे वाटले.

तालमीत गायकांची अडचण नेमकी तेथेच येते. गाणे चालू असेपर्यंत ते राजे असतात. गाणे थांबले, की हात कोठे ठेवावे, दुसरा बोलत असताना कोठे पाहावे, हे त्यांना उमगत नाही. वास्तविक साथसंगतीमुळे ऐकण्याची जेवढी सवय त्यांना असते तेवढी क्वचितच कोणाला असते. तबलजीची एखादी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा बोल, ज्याला नेमकी टिपता येते, त्याला सहकलाकाराच्या वाक्यातली कंपने टिपता येणार नाहीत, हे मला पटत नाही. ती सवय स्वरांकडून शब्दांकडे वळवायला वेळ द्यावा लागतो, एवढेच.

खेळाडूंचे गणित वेगळे आहे. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवणारे जॉनी वाइसमुलर १९३२ साली टारझन झाले आणि त्या भूमिकेने जगभर ओळखले गेले, कारण टारझनला बोलायचे थोडे होते आणि पोहायचे, उड्या मारायचे पुष्कळ होते. आपल्याकडे दारा सिंग यांनी कुस्तीतून येऊन अनेक वर्षे चित्रपट केले. साठीला टेकलेले असताना ‘रामायण’ मालिकेत ते हनुमान झाले आणि आजही असंख्य घरांत हनुमानाचे रूप तेच आहे. ‘महाभारत’ मालिकेतले भीम, प्रवीणकुमार सोबती, हे १९६६ आणि १९७० सालच्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीची सुवर्णपदके जिंकलेले खेळाडू होते. या तिघांनाही त्यांच्या देहाला साजेशी भूमिका मिळाली, हे त्यांच्या यशाचे पहिले कारण आहे.

क्रिकेटपटूंना मात्र आपण हे भाग्य दिले नाही. सुनील गावस्कर १९८० साली ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटाचे नायक झाले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले संदीप पाटील १९८५ साली ‘कभी अजनबी थे’मध्ये नायक झाले आणि त्यांच्याच संघातले सय्यद किरमाणी त्यात खलनायक होते. गावस्कर आणि पाटील या दोघांकडून चित्रपटाने नेहमीच्या प्रेमकथेतल्या नायकाची कामे करून घेतली. मला यात एक मूलभूत विसंगती दिसते. सलामीच्या फलंदाजाचे सारे शिक्षण आपल्या मनात काय चालले आहे ते गोलंदाजाला कळू न देण्याचे असते, आणि कॅमेरा तर नेमके ते मनातलेच मागतो. शिरस्त्राण न घालता वेगवान गोलंदाजांना सामोरे जाणाऱ्या गावस्कर यांचा तो निर्विकार चेहरा, ती एकाग्रता, एखाद्या मितभाषी, आतल्या गाठीच्या माणसाच्या भूमिकेत किती शोभली असती! पैलवानाचे तसे नसते. शड्डू ठोकून, माती अंगाला लावून तो फडातल्या प्रेक्षकांशी बोलतच असतो. ‘सैराट’चा नायक आकाश ठोसर कुस्तीच्या आखाड्यातून आलेला होता, याचे म्हणूनच मला आश्चर्य वाटले नाही, अर्थात त्याच्यामागे नागराज मंजुळे यांच्यासारखा, नवख्यांकडून काम करून घेणारा दिग्दर्शक होता.

सलील अंकोला यांचे उदाहरण मला मनापासून आदराचे वाटते. १९८९ साली कराचीच्या ज्या कसोटीत सचिन तेंडुलकर प्रथम खेळले, त्याच कसोटीत हा वेगवान गोलंदाजही प्रथम उतरला. पुढे पायाच्या हाडात गाठ निघाल्यामुळे तिशीच्या आतच त्यांचे क्रिकेट थांबले. त्यानंतर त्यांनी दूरचित्रवाणी मालिकांत अभिनय केला. मिरवण्याच्या हौसेने येणे आणि आयुष्याची घडी मोडल्यावर नवे काम शिकायला येणे, यांत प्रेक्षकांनी फरक करायला हवा.

आज समाजमाध्यमांवर किती लोक मागे आहेत हे पाहून भूमिका वाटल्या जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून जास्त खुपते ते असे की नामांकित व्यक्तीच्या मोजक्याच तारखा मिळतात आणि सगळे काम त्या तारखांभोवती उरकले जाते. तालमीला वेळ नसतो, आणि सहकलाकाराला अनेकदा समोर माणूस नसतानाच वाक्ये म्हणावी लागतात. राज्य नाट्य स्पर्धेसाठी परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या मंचावर येणारी आपली मंडळी दिवसभर कचेरीत, कारखान्यात किंवा शाळेत काम करून रात्री उशिरापर्यंत तालीम करतात. त्यांच्या शेजारी एखाद्या प्रसिद्ध पाहुण्याला तालमीवाचून उभे करणे हा त्या मंडळींवर अन्याय आहे, आणि त्या पाहुण्यावरही, कारण टाळ्या ओसरल्यावर हसे त्याचेच होते. उलट, पुरेशी तयारी असली की काय साधते, ते २०२४ सालच्या ‘अमरसिंग चमकिला’ या चित्रपटात दिसते. त्यात गायक दिलजित दोसांझ यांनी चित्रण चालू असतानाच प्रत्यक्ष गायले, म्हणजे टेंब्यांच्या काळची ती जुनी रीत नव्या साधनांनी पुन्हा आली.

म्हणून नाशिकमधल्या नाट्यसंस्थांना माझी विनंती आहे. आपल्याकडे उत्तम गायक आहेत, नदीत आणि मैदानावर घडलेले खेळाडू आहेत, आणि त्यांतल्या कोणाला रंगमंचावर आणावेसे वाटले तर जरूर आणावे. मात्र मुख्य भूमिका देऊन फलकावर नाव छापण्याआधी त्यांना एखादी छोटी भूमिका द्यावी, संहितेच्या वाचनाला सर्वांबरोबर सतरंजीवर बसवावे, आणि तालीम चुकली तर इतरांना जो नियम तोच त्यांनाही लावावा. गायक असेल तर पहिले काही दिवस त्याला गायलाच लावू नये. समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकून मगच उत्तर देण्याचा सराव त्याच्याकडून करून घ्यावा. खेळाडू असेल तर त्याच्या चालण्या-थांबण्याकडे आधी नीट पाहावे आणि भूमिका तेथून बांधत न्यावी.

नमस्कार.