गज खाली ठेवणारा चेलोवादक

श्रोतेहो, नमस्कार. चेलो हे वाद्य आपल्याकडे स्वतंत्रपणे क्वचितच ऐकायला मिळते. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदात, व्हायोलिनच्या ताफ्याखालून जो भारदस्त, खर्जाकडे झुकणारा आवाज वाहत असतो, तो चेलोचा. आणि तो वाजवणारे हात पुष्कळदा गोव्याच्या वादकांचे असत. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून, गजाने वाजवायचे हे वाद्य. त्याच्या चार तारा एकमेकींपासून षड्ज-पंचमाच्या अंतराने लावलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातही एकल वाद्य म्हणून चेलोला व्हायोलिनची प्रतिष्ठा नव्हती. ती मिळवून देण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, त्या पाब्लो कासाल्स यांच्याविषयी आज बोलणार आहे.

कासाल्स यांचा जन्म 29 डिसेंबर 1876 रोजी स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील एल वेन्द्रेल या लहान गावी झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. मुलाने मात्र सुतारकाम शिकावे, असे त्यांना वाटे. आईने ते चालू दिले नाही. अकराव्या वर्षी गावात आलेल्या एका वादकाचा चेलो त्याने ऐकला, आणि 1888 मध्ये आई त्याला घेऊन बार्सिलोनाच्या संगीतशाळेत दाखल झाली. त्या काळी चेलोच्या विद्यार्थ्यांना उजव्या काखेत पुस्तक धरून सराव करावा लागे. ते खाली पडू न देता गज ओढायचा, अशी शिस्त होती. कासाल्स यांना हा प्रकार हास्यास्पद वाटला. त्यांनी उजवा हात कोपरापासून मोकळा केला, आणि डाव्या हाताची बोटे तारेवर सतत घसरत नेण्याऐवजी ती फाकवून स्वर गाठण्याची रीत बसवली. आज ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणीतरी शोधली होती याचाच विसर पडतो.

1890 मध्ये, तेराव्या वर्षी, वडिलांबरोबर बार्सिलोनाच्या बंदराजवळील एका जुन्या दुकानात स्वरलिपीची पुस्तके चाळताना त्यांच्या हाती अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाख यांच्या, केवळ चेलोसाठी रचलेल्या सहा सुइट्स, म्हणजे लहान लहान तुकड्यांच्या मालिका, लागल्या. साथीला कोणी नाही, एकट्या वाद्याने सारा डोलारा पेलायचा, अशा या रचना तेव्हा बोटे तयार करण्याच्या पाठांसारख्या मानल्या जात. कासाल्स यांनी त्यांचा रोज रियाज केला, पण त्या श्रोत्यांपुढे मांडण्याचा धीर व्हायला त्यांना सुमारे बारा वर्षे लागली. गुरूच्या परवानगीवाचून मैफलीत न बसणाऱ्या शिष्यांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. इथे तर थांबवणारा गुरूही समोर नव्हता.

या काळात लौकिक मात्र वाढतच गेला. 1899 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीपुढे वादन केले, 1904 मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमध्ये. 1901 मध्ये कॅलिफोर्नियातील एका डोंगरावर दगड कोसळून डाव्या हाताची बोटे चेचली गेली, तेव्हा ‘चला, आता चेलोतून सुटलो’ हाच पहिला विचार मनात आल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. बोटे बरी झाली, आणि सुटका काही झाली नाही.

1920 मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतःची पदरमोड करून वाद्यवृंद उभा केला, आणि काही वर्षांनी कामगारांना परवडतील अशा मैफली सुरू केल्या. 18 जुलै 1936 च्या संध्याकाळी बेटहोवन यांच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना, लष्करी बंडामुळे उद्याचा कार्यक्रम रद्द झाल्याचा आणि सर्वांनी घरी जाण्याचा निरोप आला. पुन्हा कधी भेट होईल कोण जाणे, तेव्हा शेवटचा भाग पुरा करूनच निघू, असे कासाल्स यांनी वादकांना सुचवले; तसे केल्यावरच मंडळी पांगली.

या बंडातून पेटलेल्या स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोरांचे नेते जनरल फ्रँको विजयी होऊन हुकूमशहा झाले, आणि कासाल्स फ्रान्सच्या प्राद या गावी निर्वासित म्हणून राहिले. महायुद्ध संपताच दोस्त राष्ट्रे फ्रँकोंना हटवतील, अशी त्यांची खात्री होती. तसे घडले नाही, तेव्हा त्यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांनी देऊ केलेल्या मानद पदव्या नाकारल्या आणि जाहीर मैफली थांबवल्या. 1950 मध्ये, बाख यांच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, कासाल्स येत नाहीत तर आपणच त्यांच्याकडे जावे, असे ठरवून देशोदेशींचे वादक प्रादच्या चर्चमध्ये जमले.

या निग्रहाला अपवादही झाला. फ्रँको राजवटीला मान्यता देणाऱ्या अमेरिकेत, 13 नोव्हेंबर 1961 रोजी, ते राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासाठी वाजवायला गेले. ही तडजोड होती, असे कोणी म्हटले तर मला ते सर्वस्वी खोडून काढता येणार नाही. पण केनेडी यांच्याकडून त्यांना मोठी आशा होती, हेही तितकेच खरे. अखेरीस त्यांनी ‘पक्ष्यांचे गाणे’ हे आपल्या प्रांतातील जुने नाताळगीत वाजवले. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी हेच गीत पुन्हा वाजवले आणि सांगितले, की आमच्याकडचे पक्षी गाताना ‘पाउ, पाउ’ म्हणतात. कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांती. आणि पाब्लो या नावाचे कातालान रूपही ‘पाउ’ असेच आहे.

22 ऑक्टोबर 1973 रोजी, आईच्या जन्मभूमीत, प्युर्तो रिकोत, त्यांचे निधन झाले. फ्रँको त्यानंतर दोन वर्षे सत्तेवर होते. कासाल्स यांचे पार्थिव एल वेन्द्रेलच्या दफनभूमीत पोहोचायला 1979 साल उजाडले.